काटकसर आणि पहिला संगणक

घरांत संगणक यावा, पण खर्च आंवाक्याबाहेर जाऊं नये, ही अनेक कुटुंबांची अडचण असते. सुटे भाग आणून तो घरींच जुळविणें हा त्यावरील एक मार्ग होय. १९९५ सालीं इंटेलनें एटीएक्स हें प्रमाण माप मांडलें. त्यामुळें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून निरनिराळ्या कारखान्यांची पेटी, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय घेतले, तरी ते एकमेकांत बसूं शकतात.

परंतु काटकसर म्हणजे सरसकट स्वस्त माल घेणें नव्हे. ज्याला अभ्यास, पत्रव्यवहार व हिशेब एवढेंच करावयाचें आहे, त्यानें ग्राफिक्स अंगभूत असलेला प्रोसेसर निवडावा. २०२१ सालचा रायझन ५ ५६००जी त्याच जातीचा. त्यानें महागडें ग्राफिक्स कार्ड वांचतें. मात्र त्याला एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड व डीडीआर४ रॅम लागते. डीडीआर५ ची पट्टी त्या खांचेंत बसतच नाहीं, आणि एवढी एक चूक सारी बचत गिळून टाकते. चित्राचें कामही रॅममधूनच चालत असल्यानें १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षां ८ जीबीच्या दोन पट्ट्या अधिक उपयोगी पडतात.

पेटी साधी चालेल; पॉवर सप्लाय मात्र खात्रीचाच हवा. हलक्या प्रतीचा पॉवर सप्लाय बिघडतांना इतर भागांनाही घेऊन बुडूं शकतो. मदरबोर्डावर रॅमच्या चार खांचा असाव्या, म्हणजे पुढें हातीं पैसा येईल तेव्हां जुनें न टाकतां नवी भर घालतां येते.