मामांचा टोमॅटो

मी कॉम्प्युटर इंजिनियर, शेतीतलं थोडंफार कळतं ते नारायणगावच्या मामांमुळे. मरीन परेडच्या मार्केटमधले कॅमेरॉन हायलंड्सचे टोमॅटो मी त्यांना फोनवर दाखवले. म्हणाले, "एवढा शिकलास, जनुकं बदलून दुप्पट पीक निघेल का, सांग."

मग मी वाचायला बसलो. १९९४ साली अमेरिकेत ‘फ्लेवर सेव्हर’ टोमॅटो आला. फळ मऊ पाडणारं जनुक त्यात दाबलं होतं, म्हणजे फायदा टिकण्याचा, जास्त पिकण्याचा नव्हे. काही वर्षांतच तो बाजारातून गेला. आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कापूस आला. जालन्याच्या महिकोचं बीटी वांगं मात्र २०१० मध्ये सरकारने थांबवलं. दरम्यान बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेने साध्या संकरातूनच तीन रोगांना तोंड देणारा ‘अर्का रक्षक’ काढला.

हे सगळं मामांना सांगितलं. ते म्हणाले, "रोग टळला तर बरंच. पण भाव पडला की क्रेट रस्त्यावर ओततो रे. दुप्पट माल घेऊन काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंडळी, तुमच्याकडे असेल तर चहाच्या वेळी जरूर सांगा.