शांतिपर्वाआधी स्त्रीपर्व

(परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



युद्धकाव्य म्हटले की आपल्या कानांत डफ आणि तुणतुणे घुमू लागते. ते स्वाभाविकच आहे. शाहिरांनी महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांना वीरश्रीचे बाळकडू पाजले, त्यांचे ते ऋण फिटणारे नाही. परंतु आज मला रणांगणाविषयी बोलावयाचे नाही. रणांगणावर गेलेल्या वीराच्या मागे जे घर उरते, त्या घराच्या दुःखाला कवींनी कोणते स्थान दिले, याचा विचार आपण करणार आहोत. हा विषय केवळ साहित्यरसिकांचा नसून समाजात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचा आहे, असे माझे नम्र प्रतिपादन आहे.

आरंभ व्यासांपासूनच केला पाहिजे. महाभारताच्या दहाव्या, म्हणजे सौप्तिक पर्वात युद्धातील अखेरचा संहार होतो. बाराव्या शांतिपर्वात शरपंजरी पडलेले भीष्म धर्मराजाला राजधर्म सांगतात. या दोहोंच्या मध्ये अकरावे पर्व आहे, ते स्त्रीपर्व. विजय मिळताच व्यासांनी राज्याभिषेकाची वाद्ये वाजवली नाहीत. त्यांनी आधी हस्तिनापुरातील स्त्रियांना कुरुक्षेत्रावर आणले. दिव्यदृष्टी लाभलेली गांधारी श्रीकृष्णाला एकेक दृश्य दाखवत जाते. त्यात तिचे स्वतःचे पुत्र आहेत, तशीच अभिमन्यूच्या देहापाशी बसलेली उत्तराही आहे. भूरिश्रव्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन शोक करणारी त्याची पत्नी आहे. शत्रुपक्षाच्या सुनेसाठीही गांधारीचे काळीज तुटते. शेवटी तर ती साक्षात श्रीकृष्णाला शाप देते आणि भगवंत तो शाप स्वीकारतात.

याच पर्वाच्या शेवटी, मृतांना जलांजली देण्याच्या वेळी, कुंती आपल्या पुत्रांना सांगते की कर्ण तुमचा ज्येष्ठ बंधू होता, त्यालाही पाणी द्या. तोवर या मातेला आपल्या पहिल्या पुत्रासाठी उघडपणे रडण्याचीही सोय नव्हती. पांडवांचा पक्ष धर्माचा होता, याविषयी व्यासांना संदेह नाही. तरीही मागे राहिलेल्यांचा आक्रोश पुरता ऐकून घेतल्यावाचून त्यांनी शांतीचा उपदेश सुरू केला नाही. माझ्या मते भारतीय युद्धकाव्याचा हा पहिला आणि सर्वांत मोठा दंडक आहे.

येथे कोणी म्हणेल की आपली परंपरा वीरमातेची आहे आणि वीरमाता रडत नाही. यासाठी तमिळ भाषेतील पुरनानूरू या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या संग्रहातील एका कवितेचा दाखला दिला जातो. पुत्र पाठीवर घाव घेऊन पडला, असे लोक एका वृद्ध मातेला सांगतात. ती संतापून तलवार घेते, रणभूमीवर जाते आणि प्रेते उलथीपालथी करीत मुलाला शोधते. तो शूरासारखा पडला आहे हे पाहून तिला त्याच्या जन्मवेळेपेक्षाही अधिक आनंद होतो. कविता तेजस्वी आहे, परंतु ती अर्धीच वाचली जाते. कवयित्रीने त्या मातेला थेट आनंदापर्यंत नेलेले नाही. आधी तिला इतर मातांच्या मुलांच्या प्रेतांमधून चालावयास लावले आहे. हा अभिमान दुःख टाळून आलेला नाही. ते दुःख तिने स्वतःच्या हातांनी चाचपले आहे.

आता आपल्या मराठीकडे वळू. सिंहगडचा पोवाडा रचणाऱ्या तुळशीदास शाहिराने तानाजीची कथा लग्नघरातून उचलली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. रायबाचे लग्न ठरलेले नसते, तर 1670 मधील ती चढाई पराक्रमाचीच राहिली असती. पण त्या घराने काय गमावले, हे आपल्याला कळले नसते. श्रोता शाहिराबरोबर कडा चढून वर जातो, तरी खाली राहिलेल्या मांडवाचा त्याला विसर पडत नाही.

मात्र दुःखाची भाषा आपल्याकडे केवळ काव्यातच आढळते असे नाही. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर जे घडले, त्याची वार्ता सांकेतिक भाषेतल्या एका सावकारी पत्रातून पेशव्यांना कळली. भाऊसाहेब आणि विश्वासराव ही त्यातील दोन मोती होती. सरदार मोहरांच्या संख्येने मोजले होते. आणि सामान्य शिपायांचा जो खुर्दा गेला, त्याची गणतीच नव्हती. मोत्यांच्या घरचे दुःख इतिहासाने नोंदवले. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर निवर्तले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू कधीच मान्य केला नाही आणि त्या सौभाग्यलेण्यांनिशीच जगल्या. पण खुर्द्यातल्या घरांचे काय? गावोगावच्या ज्या स्त्रिया अशाच वाट पाहत राहिल्या असतील, त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

हाच प्रश्न पहिल्या महायुद्धात पुन्हा समोर येतो. तेव्हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, सरोजिनी नायडू यांनी 1915 मध्ये इंग्रजीत ‘द गिफ्ट ऑफ इंडिया’ ही कविता लिहिली. परदेशी भूमीत पडलेल्या पुत्रांसाठी तीत भारतमाता बोलते. त्याच काळात मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढत होत्या. कुतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनने 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती पत्करली. कवयित्रीने राष्ट्रमातेच्या तोंडून शोक व्यक्त केला, ते थोर कार्य झाले. परंतु सातारा-कोकणातल्या एकेका उंबऱ्यावरची आई त्या भव्य आकृतीमागे झाकली जाते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

युरोपातही निराळे घडत नव्हते. विल्फ्रेड ओवेन हा इंग्रज कवी 4 नोव्हेंबर 1918 रोजी रणात पडला. त्याच्या मृत्यूची तार आईच्या हाती पडली ती 11 नोव्हेंबरला, युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना. त्याच मातेने 1920 मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहिले. निरोप घेताना मुलाने उच्चारलेले गीतांजलीतील शब्द पुढे त्याच्या वहीत सापडले, असे तिने त्यात कळवले. विजयी राष्ट्रातील एका शोकाकुल आईला आधाराचे शब्द मिळाले, ते भारतीय कवीचे.

मग मराठी घरातील स्त्रीचे शब्द कोठे गेले? याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. गंगाखेडच्या संत जनाबाईंनी जात्याला बोलके केले. पहाटेच्या अंधारात जात्याशी बसलेली स्त्री कोणाच्याही परवानगीवाचून मन मोकळे करू शकत होती. तिला श्रोता नको होता, टाळी नको होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गोळा केलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, यावरून त्या मोकळेपणाची कल्पना यावी. पुढे गावात पिठाची गिरणी आली. स्त्रियांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. पण दुःख बोलण्याची ती हक्काची जागाही गेली आणि दुसरी आपण निर्माण केली नाही.

1999 च्या कारगिल युद्धात तिरंग्यात लपेटलेली पार्थिवे मोठ्या संख्येने गावोगावी आली. पूर्वीच्या तारेची जागा शवपेटीने घेतली. गाव लोटते, घोषणा होतात, पुढे सत्कार होतो. वीरमाता, वीरपत्नी ही बिरुदे आपण आदराने देतो आणि दिलीच पाहिजेत. पत्रकार म्हणून असे अनेक सत्कार मी पाहिले. व्यासपीठावरील त्या भगिनीविषयी सर्व जण बोलतात, ती मात्र शाल अंगावर घेऊन गप्प असते. तिने खंबीर असावे, ही आपली अपेक्षा तिला न सांगताही कळलेली असते. आपण तिला थेट शांतिपर्वात नेऊन बसवतो. मधले एक पर्व वगळले जाते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. सत्कारानंतर महिन्याने, सहा महिन्यांनी, पहिल्या दिवाळसणाला त्या घरी जावे. आपल्या माता-भगिनींनी सोबत असावे. भाषण करू नये, उपदेश तर मुळीच करू नये. ती आई मुलाचे कौतुक सांगेल, कदाचित नशिबाला बोल लावील, कदाचित आपल्यालाही लावील. तेही ऐकावे. तिची संमती असेल तर तिच्याच शब्दांत ते लिहून ठेवावे. गांधारीचा शाप ऐकून घेण्याइतके मन श्रीकृष्णाने मोठे केले होते, तेथे आपण तिच्या चार कठोर शब्दांनी दुखावून जाण्याचे कारण नाही.

पानिपताच्या खुर्द्याची गणती अडीचशे वर्षांपूर्वी राहून गेली. आपल्या काळातल्या घरांची नोंद राहून जाऊ नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.