तलावाला एक वळसा
(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘स्त्रिया आणि संचारस्वातंत्र्य’ या विषयावर बोलायला मला सांगितलंय. पण व्याख्यान न देता मी एका सायकलफेरीची हकिगत सांगणार आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाचजणी भंडारदऱ्याला गेलो. सगळ्या पंचेचाळिशीच्या पुढच्या. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, त्याच्यामागे आर्थर तलाव. शेंडीहून निघायचं आणि रतनवाडी, साम्रद, घाटघर करत तलावाला वळसा घालून परत शेंडीला यायचं. अंतर चाळीसेक किलोमीटर. कुठे डांबर, कुठे नुसती खडी. सायकली भाड्याच्या, जाड टायरच्या, गिअरच्या. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी भाकरी खाल्ली, तोवर मजाच होती.

साम्रदच्या पुढे चढावर सायकल ढकलत होते. डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई समोरून आली. थांबून तिने विचारलं, “का वो ताई, घरच्यांनी सोडलं?”

“सोडलं की!” मी ऐटीत म्हटलं. दोन वळणं गेल्यावर ते मलाच टोचलं. सोडतात गुरांना. वीस वर्षं मी स्वातंत्र्यावर बोलतेय. पण निघताना दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवला होता आणि “जाऊ ना?” असंही विचारलं होतं. नवरा “जा की” म्हणाला, तेव्हा मला कृतज्ञ वाटलं. तो ट्रेकला निघतो तेव्हा फक्त तारीख सांगतो.

घाटघरला टेकलो तेव्हा हे बोलून दाखवलं. एकजण म्हणाली, “मी तर शिबिर आहे म्हणून सांगून आलेय.” आम्ही खूप हसलो, मग गप्प झालो. कामासाठी बाहेर पडायचा हक्क आपण भांडून मिळवला. नुसत्या मौजेसाठी अजून खोटं बोलावं लागतं.

आणि ती हंडेवाली? खाली तलाव भरलेला, ते पाणी कालव्यांनी खालच्या शेतांना जातं. तिचं पाणी तिच्या डोक्यावर. हंडे उतरवून तिने माझ्या सायकलचं हँडल धरून पाहिलं होतं, घंटी वाजवली होती. “ह्याच्यावर हंडा बसंल का?” असं विचारलं होतं. मी नुसतं हसले, कारण अंधाराआधी पोचायचं होतं.

वास्तविक उत्तर मला ठाऊक होतं. १९९१-९२ साली तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने हजारो बायकांना सायकल शिकवली. त्या तिच्यावरून पाणीही आणू लागल्या. आपण हे आपल्या शिबिरांत सांगतो आणि रस्त्यात विचारलं की हसतो.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. पुढची सहल ‘सहल’ म्हणूनच घरी सांगायची. आणि उन्हाळ्याआधी दोन जुन्या, बिनगिअरच्या, कॅरिअर असलेल्या सायकली घेऊन साम्रदला जायचं. शिकवायला कोण कोण येतंय, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नावं द्या.