सराव-परीक्षांची निवड

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसांनी विद्यार्थ्यांपुढे दोन शब्द बोलण्याची विनंती केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही, आणि विषय तर डॉक्टरांच्या परीक्षेचा! परंतु सारा जन्म मी मुलांसाठी प्रश्नपत्रिका काढण्यात घालविला, आणि माझ्या पुतणीचा अभ्यास माझ्याच घरी राहून चालला होता. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

आपल्यातील कितीतरी मुलेमुली हल्ली वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान अशा देशांत जातात. पदवी घेऊन परतल्यावर, येथे व्यवसायाची मुभा मिळण्यापूर्वी, त्यांना राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळाची चाळणी परीक्षा द्यावी लागते. २००२ सालापासून ही परीक्षा चालू आहे. एकाच दिवशी दोन भाग, प्रत्येकी १५० प्रश्न व १५० मिनिटे. ३०० पैकी १५० गुण मिळाले की उत्तीर्ण. चुकलेल्या उत्तराबद्दल गुण कापीत नाहीत. ऐकावयास सोपे वाटते. तथापि बहुतेक खेपांना निम्म्याहून पुष्कळ कमी उमेदवार पार पडतात.

माझी पुतणी पहिल्या खेपेस १४१ गुणांवर अडकली. घरात कोणाचा विश्वास बसेना. कारण आधीचे दोन महिने सरावाच्या पेपरांत तिला २१०, २१८, २२६ असे गुण पडत होते. धाकट्या भावाने एकदा पेढेही आणले होते. जुन्या सवयीने मी तिचे सगळे पेपर काढून बसलो. वैद्यकातले मला ओ की ठो कळत नाही. पण प्रश्नपत्रिका कळते. तिन्ही संच एकाच प्रकाशनाचे होते. फिरून फिरून तेच प्रश्न, शब्द तेवढे बदललेले. एक संच तर तिने तीनदा सोडविला होता. मी विचारले, "अगं, हेच का घेत बसलीस?" बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "काका, कठीण पेपरात कमी पडले की बाबा जेवताना बोलत नाहीत. म्हणून संध्याकाळी सोपा काढते."

बंधुभगिनींनो, म्हणजे पेपरांची निवड आम्हीच करीत होतो. "आज किती पडले?" असे रोज विचारणाऱ्यांत मीही होतो.

त्यानंतर आम्ही दोघे परीक्षा मंडळाची माहितीपत्रिका घेऊन बसलो. तीत विषयवार प्रश्नसंख्या दिलेली असते. शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन यांचे प्रत्येकी १७, स्त्रीरोग व प्रसूती यांचे ३०, आणि समाजवैद्यकाचेही ३०! तिच्या संचांत समाजवैद्यकाचे जेमतेम आठनऊ प्रश्न होते. हाच तर तिचा कच्चा विषय. कारण आपल्या लसीकरणाचे वेळापत्रक आणि क्षयनिर्मूलनाचा कार्यक्रम परदेशातील महाविद्यालय कशाला शिकवील? अमेरिकेतील परीक्षेसाठी केलेले प्रश्नसंच फार उत्तम असतात असे म्हणतात. असतीलही, परंतु त्यांत आपल्या अंगणवाडीतील लस कोठून येणार? रोगनिदानाचा विचार शिकावयास ते घ्यावेत. आपण कोठे उभे आहोत हे पाहावयास मात्र या परीक्षेच्या प्रमाणाशी जुळणारेच पेपर घ्यावेत.

दुसरे पाहावे ते पेपराचे वय. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. पोलिओच्या टोचून द्यावयाच्या लसीची नवव्या महिन्यातील तिसरी मात्रा जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. तिच्या एका संचात या दोन्हींची उत्तरे जुनीच छापलेली होती, आणि मुलीने ती निष्ठेने पाठ केली होती. स्वस्त मिळाला म्हणून तो संच मीच आणला होता, हे येथे कबूल केलेले बरे. त्यातील क्ष-किरण चित्रे तर इतकी काळवंडलेली होती की हाड कोणते आणि शाई कोणती हे समजू नये.

"गेल्या वर्षीचा खरा पेपर" म्हणून जे विकले जाते त्याविषयी सावध राहावे. परीक्षा मंडळ झालेल्या प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करीत नाही. उमेदवाराकडून गोपनीयतेची कबुली घेते. तेव्हा तो पेपर कोणाच्या तरी आठवणीतून उतरलेला असतो, आणि परीक्षेहून परतलेल्या मुलाची आठवण किती खरी असते हे आम्हा शिक्षकांना विचारावे! तसेच काही ठिकाणी सरावाच्या गुणांबरोबर देशातील क्रमांकही कळवितात. पदव्युत्तर प्रवेशास क्रमांकाचे महत्त्व असेल. येथे १५० चा उंबरा तेवढा ओलांडावयाचा आहे. क्रमांक पाहून हुरळू नये, की खचू नये.

पुढच्या तयारीत तिने निरनिराळ्या ठिकाणचे सहा पूर्ण पेपर निवडले आणि त्यांतील दोन शेवटच्या तीन आठवड्यांसाठी न पाहता ठेवून दिले. प्रत्येक पेपर दोन्ही भागांसह एकाच दिवशी, घड्याळ लावून, संगणकावर. एक पेपर झाला की दोनतीन दिवस त्याची चिकित्सा. माहीत नव्हते, वाचण्यात चुकले, दोहोंत घोटाळा झाला, असे तीन रकाने तिने वहीत आखले होते. घोटाळ्याचा रकाना सर्वांत लांब निघाला, याचे तिलाच आश्चर्य वाटले. पहिल्या पेपरात १३३ गुण पडले. त्या रात्री माझ्या भावाने पावसाच्या गोष्टी काढल्या, कितीचे काही विचारले नाही. त्याला ते किती जड गेले हे मी पाहिले आहे. राखून ठेवलेल्या दोन पेपरांत १५८ आणि १६३ पडले; प्रत्यक्ष परीक्षेत १६१.

हल्ली ती एका जिल्हा रुग्णालयात आंतरवासिता करीत आहे. रात्रपाळी असल्यामुळे आज येऊ शकली नाही, परंतु आपली वही तिने मजजवळ दिली आहे. ज्यांची मुले परीक्षेस बसणार आहेत, त्यांनी भोजनोत्तर मला भेटावे.