देवाचा शेजार

‘देव सर्वत्र आहे’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. भजनात ऐकले, कीर्तनात ऐकले, दिवेलागणीला आजीच्या तोंडून ऐकले. इतके ऐकले, की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची पाळीच आली नाही. घरात एखादे वडीलधारे माणूस येऊन बसले, तर आपण आवाज उतरवतो, पाय आवरून घेतो. माणसाच्या नुसत्या हजेरीने एवढा फरक पडतो. मग देव हजर आहे असे मानणाऱ्याच्या वागण्यात कोणता फरक पडावयास हवा? हा प्रश्न आज मी महाडच्या चवदार तळ्याच्या काठी उभा राहून विचारणार आहे.

हे तळे भर वस्तीत आहे. पूर्वी गावातले सवर्ण तेथे पाणी भरीत, इतर धर्मांचे लोक भरीत, गुरेही पाणी पीत. बंदी होती ती फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसांना. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असे ठरले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. पाण्यापर्यंत जाण्याची कोणाची छाती झाली नाही.

मग २० मार्च १९२७ उजाडला. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेले हजारो लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून शिस्तीने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळ भरून पाणी घेतले. मागोमाग इतरांनी घेतले. बस्स, एवढेच घडले.

पुढे काय झाले बघा. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन धावला. मंडपात जेवावयास बसलेल्या माणसांना मारहाण झाली, अन्न मातीत गेले. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरून धरले, म्हणून उलट हात उठला नाही. नंतर तळ्याची ‘शुद्धी’ झाली. शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत पाण्यात ओतल्या गेल्या.

श्रोतेहो, त्या घागरी ओतणारे नास्तिक नव्हते. रोज स्नानसंध्या करणारे, एकादशी पाळणारे, जळी-स्थळी देव आहे असे मानणारे ते लोक होते. मग जळी देव होता, तर माणसाच्या ओंजळीने तो विटाळला कसा? आणि त्या ओंजळीत तो नव्हता, असे त्यांना कोणी सांगितले? देव आपल्या बाजूला आहे एवढेच त्यांना ठाऊक होते. तो समोरच्याच्याही शेजारी उभा असेल, हे मनात आले नाही.

आपल्याकडे नाथांची एक कथा सांगतात. रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून कावडीने आणलेली गंगा त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातली. ही कथा ऐकताना कोणाचे डोळे पाणावत नाहीत? महाडातही ती शेकडो वेळा सांगितली गेली असेल. कथेतल्या गाढवासाठी डोळे पुसणारे हात दारातल्या तहानलेल्या माणसासाठी मात्र उठले नाहीत.

वेगळे वागणारेही होते, हे सांगितले पाहिजे. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, बापूसाहेब सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी बाबासाहेबांच्या बरोबर उभी राहिली. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपासाठी जागा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. तळ्याचा दावा कोर्टात दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलतो. पाणी प्यावयास गेलेल्यांचा प्रश्न देवाचा नव्हता. आपण माणसे आहोत, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. बाबासाहेब तर १९५६ साली बुद्धाला शरण गेले आणि देवाची कल्पना त्यांनी बाजूला ठेवली. त्यांच्या लढ्याला मी देवाचे लेबल चिकटवत नाही. देवाचा प्रश्न होता तो दुसऱ्या काठावरच्या लोकांसाठी. म्हणजे माझ्या घरासारख्या घरांसाठी.

आमचे घर पोलादपूरकडच्या एका खेड्यात. मी लहान होतो तो काळ १९२७ चा नव्हे. अस्पृश्यता घटनेने केव्हाच रद्द झाली होती. तरी आमच्या पडवीत वळचणीला कान तुटलेला एक कप खोचलेला असे. शेतावर कामाला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांसाठी तो होता. ते स्वतःच तो काढीत, धूत आणि परत ठेवीत. एकदा मी आजीला विचारले, “आजी, देव सगळीकडे बघतो ना? मग त्या कपाकडेही बघतो का?” आजी काही बोलली नाही. वाती वळत राहिली.

मला त्या प्रश्नाचा पुष्कळ दिवस अभिमान वाटत असे. पुढे लक्षात आले, की प्रश्न विचारल्यानंतरही कित्येक वर्षे त्या कपात वरून चहा ओतणारा मीच होतो. घरातला कप मी कधी पुढे केला नाही. आजी गेली, ते बाबाही गेले. कप आम्ही फेकून दिला. तो फेकणे फार सोपे होते, कारण तोवर त्यातून पिणारे कोणी उरले नव्हते.

म्हणून मला वाटते, देव जवळ आहे असे ज्याला मानावयाचे असेल, त्याने आधी शेजाऱ्याची बसावयाची जागा पाहावी. पूजा, उपवास, वारी जरूर करावी. पण आपल्या घरी आजही वळचणीचा कप आहे का, हे एकदा तपासावे. तो कप नसेल, तर मोलकरणीचे वेगळे ताट असेल, आडनाव विचारून दिलेली किंवा नाकारलेली भाड्याची खोली असेल. जेथे असेल, तेथे ते ताट, ती खोली देणारा माणूस हयात असेतोवर बदलावे. मागाहून बदलून काय उपयोग?

२०२७ साली त्या ओंजळीला शंभर वर्षे होतात. कधी महाडला आलात, तर तळ्याच्या काठी घटकाभर थांबा. हात जोडावेसे वाटले तर जोडा. आणि घरी परत गेल्यावर दारात येणाऱ्या माणसाला पाणी देताना भांडे कोणते घेता, तेवढे बघा.