जुनी स्वस्ताई आणि कारागिराचा तास

श्रोतेहो, ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं एक उद्गार वर्षांतून एकदां तरी ऐकूं येतोच : "पूर्वी दुरुस्तीला किती थोडे पैसे पडत!" दुरुस्तीचें बिल हातीं पडलें कीं हा उद्गार ठरलेला. तो कितपत खरा आहे, हें आज आपण थोडा हिशेब मांडून पाहूं. त्यासाठीं अमेरिकेचें उदाहरण घेतों. कारण सामान्य माणसाच्या दारीं मोटार प्रथम तेथें आली, आणि तिच्या किंमतींबरोबर ती घडविणाऱ्यांच्या मजुरीचीही नोंद राहिली.

फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' गाडी 1908 सालीं निघाली, तेव्हां तिची किंमत 850 डॉलर होती. 1913 सालीं हायलंड पार्कच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली. सांगाडा जुळविण्यास पूर्वी साडेबारा तास लागत. तें काम लवकरच सुमारें दीड तासांत होऊं लागलें. 1925 सालीं या गाडीचा सर्वांत साधा नमुना 260 डॉलरांस मिळूं लागला. तिच्या सुट्या भागांचे जे दर वारंवार सांगितले जातात, त्यांत सायलेन्सर 25 सेंटांस आणि पुढचें मडगार्ड अडीच डॉलरांस आहे. ऐकतांच आपल्याला हेवा वाटतो.

पण नाणें हें माप फसवें आहे. खरें माप श्रमाच्या तासाचें. 1914 च्या आरंभापर्यंत फोर्डच्या कामगारास नऊ तासांच्या दिवसाला सुमारें 2 डॉलर 34 सेंट मिळत. त्या मजुरीनें वरील मडगार्डासाठीं साडेनऊ तास, म्हणजे दिवसाहून अधिक काळ, राबावें लागलें असतें. जानेवारी 1914 मध्यें आठ तासांस पांच डॉलर देण्याची प्रसिद्ध घोषणा झाली. या रकमेंत नफ्याचा वाटा धरलेला होता, आणि तो मिळण्यास कामगाराचें घरगुती वर्तन कंपनीच्या तपासनिसांस पसंत पडावें लागे. तरीही ज्याला ती मिळाली, त्याला तेंच मडगार्ड चार तासांच्या श्रमांत पडलें असतें. दर तोच, पण स्वस्ताई मजुरीनें आणली!

शिवाय त्या काळीं दुरुस्ती वारंवार निघे. झडपा घासाव्या लागत, गिअरचे पट्टे आवळावे लागत, टायर सारखे फुटत. पुष्कळसें काम मालक स्वतःच करी, आणि त्याच्या घामाचे तास कोणत्याही बिलांत लिहिले जात नसत. आजची मोटार याहून फार टिकाऊ आहे. 2023 सालीं अमेरिकेंतील रस्त्यांवरच्या मोटारींचें सरासरी वय साडेबारा वर्षें होतें.

आतां आजचें चित्र पाहा. 2023 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणें तेथील मोटार-मेकॅनिकची मध्यम मजुरी तासाला सुमारें 23 डॉलर होती. उलट अनेक शहरांतील गॅरेजें गिऱ्हाइकाकडून मजुरीपोटीं तासाला शंभर डॉलरांहून अधिक घेतात. म्हणजे स्वतःच्याच एका तासाचें काम गॅरेजच्या दरानें विकत घ्यावयाचें, तर त्या कारागिराला चार तासांहून अधिक राबावें लागतें. मधली रक्कम जागेचें भाडें, विमा, तपासणीचीं यंत्रें, संगणकीय कार्यक्रमांची वर्गणी आणि मालकाचा नफा यांत जाते. हातचीं अवजारें मात्र बहुधा कारागीरच आपल्या पैशानें घेतो.

दुरुस्ती महाग होण्याचें मूळ कारण अर्थशास्त्रज्ञ बॉमोल आणि बोवेन यांनीं 1966 सालीं दुसऱ्याच संदर्भांत मांडलें. चार वादकांची रचना वाजविण्यास आजही चारच वादक आणि पूर्वीइतकाच वेळ लागतो; मात्र इतर धंद्यांतील मजुरी वाढली कीं वादकांचीही वाढवावी लागते. दुरुस्तीचेंही बरेंचसें तसेंच आहे. नवी वस्तू यंत्र घडवितें. बिघडलेली वस्तू मात्र माणसानें पाहून, ऐकून, खोलूनच नीट करावयाची असते. म्हणून घडविणें स्वस्त होत जातें आणि सुधारणें महाग. अखेर मोडकें फेकून नवें घेण्याची वृत्ति बळावते, आणि कारागिराची विद्या तिच्यापायीं मागें पडते.

यावर उपाय कारागिराची मजुरी कापणें हा नव्हे. जें ज्ञान कंपन्या कुलुपांत ठेवतात, तें खुलें होणें हा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनीं 2012 सालीं मोठ्या बहुमतानें असा कौल दिला, कीं दुरुस्तीस लागणारी माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही मिळावी. आपल्याकडेही केंद्र सरकारनें जुलै 2022 मध्यें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं समिति नेमली.

तेव्हां श्रोतेहो, पुढचें बिल हातीं येईल त्या वेळीं केवळ बेरजेकडे पाहूं नका. भागांचे किती, तास किती, आणि त्या तासांतला कारागिराच्या हातीं किती पडला, हें विचारा. जुन्या स्वस्ताईचा शोक करण्यापेक्षां हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.