शाईचे वर्तुळ

(हीरक महोत्सवानिमित्त अलीगंज, लखनौ येथे झालेल्या भाषणाची संहिता)



‘ध्यान’ हा शब्द शाळेला नवा नाही. ‘ध्यान देऊन ऐका’, ‘ध्यानात ठेवा’ असे फळ्यासमोरून दिवसातून कितीदा तरी सांगितले जाते. हाच संस्कृत शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेला आणि ‘चान’ झाला. पुढे जपानात पोहोचून ‘झेन’ झाला.

झेन परंपरेतील एक साधना म्हणजे ‘एन्सो’, अर्थात शाईचे वर्तुळ. काजळी आणि सरस यांपासून केलेली शाईची कांडी दगडावर पाण्यात सावकाश उगाळायची. उगाळता उगाळताच मन निवत जाते. मग कुंचला शाईत बुडवून एका दमात कागदावर वर्तुळ काढायचे. तेथे कंपासपेटी नाही आणि खोडरबरही नाही. रेघ कोठे दाट उमटते, कोठे शाई सरत आल्याने विरळ होते. कधी दोन्ही टोके जुळतात, कधी उघडी राहतात. जे उमटले ते तसेच स्वीकारायचे. हाकुइन आणि सेंगाई या जपानी भिक्षूंची अशी चित्रे आजही जतन केलेली आहेत. वर्तुळ किती सुबक आले यापेक्षा ते काढताना मन हाताबरोबर होते की नाही, याला तेथे मोल आहे.

मराठी घराला ही वृत्ती परकी नाही. सकाळी दारात रांगोळी घालणाऱ्या गृहिणीचे चित्त विचलित झाले, तर चिमटीतून सुटणारी रेघ लगेच तसे सांगते. ती रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते आणि त्याच जागी नवी उमटते.

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूरचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील. झेन विचाराचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. वर्षाकाठी मोजकीच चित्रे करावीत आणि उरलेला काळ चित्राची वाट पाहण्यात घालवावा, अशी त्यांची रीत. १९८४ मधील अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना काही वर्षे शक्य झाले नाही. त्या काळात लहानशा कागदांवर त्यांनी शाईची रेखाटने केली. साधने आक्रसली, तरी साधना थांबली नाही. पुढे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

दुसरी हकीकत तर शाळेचीच आहे. मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, काकैया गावच्या प्राथमिक शाळेत एक अतिशय चंचल मुलगा होता. अभ्यासात त्याचे मन रमत नसे. नंदलाल झारिया या शिक्षकांनी त्याला शिक्षा केली नाही. भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे शांतपणे पाहात बसायला सांगितले. हा मुलगा म्हणजे सय्यद हैदर रझा. नागपूर आणि मुंबई येथे कलाशिक्षण घेऊन १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले. अनेक दशकांनंतर तोच ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला आणि जगभर त्यांची ओळख ठरला.

एका गुरुजींनी भिंतीवर काढलेल्या ठिपक्याचे मोल कोणत्या प्रगतिपुस्तकात नोंदवता येईल?

आजचे मूल चूक होण्याला फार भिते. खोडून खोडून कागद फाटतो, तरी आकृती मनाजोगती होत नाही. घाई शाळेची असते आणि घरचीही. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास प्रथम काढून घेतला जातो, आणि त्याबद्दल क्वचितच कोणी पालक तक्रार करतो. चित्त स्थिर करायला शिकवणारा तास असा हातचा जातो.

पालकहो, येथे अलीगंजमध्येच ललित कला अकादमीचे विभागीय केंद्र आहे. एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना तेथे अवश्य न्यावे. आणि घरी आठवड्यातून एकदा, मुलाबरोबर बसून, कुंचल्याने एकेक वर्तुळ काढावे. गुण देऊ नयेत. शेजारच्या मुलाच्या वर्तुळाशी तुलना करू नये. खाली केवळ तारीख घालून ते जपून ठेवावे.

शाळेची साठ वर्षे हेही एक वर्तुळच आहे. त्याची टोके पूर्ण जुळलेली नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्या मोकळ्या जागेतूनच उद्याचे मूल आत येणार आहे.